मोठ्या पोपटाचे तळवे लाल, दांडी कायम सैल: आधी काय तपासायचं

पिंजरा महागातला, पोपट तरुण, खाऊन-पिऊन खूश. तरी काही महिन्यांत तळवे गुळगुळीत गुलाबी दिसायला लागतात, किंवा दर आठवड्याला दांडी एका बाजूला झुकलेली सापडते. मालक नवी दांडी आणतो, थोडे दिवस बरे जातात, की पुन्हा तेच. मी पोपटांच्या दांड्या बनवून पिंजऱ्यात बसवून देतो. फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न बहुधा "कोणती दांडी घेऊ?" असाच असतो. पण घ्यायची वेळ शेवटी येते. त्याआधी बऱ्याच गोष्टी फुकटात तपासता येतात आणि निम्म्याहून जास्त घरांत उत्तर तिथेच मिळतं.

हे सगळं आफ्रिकन ग्रे, ॲमेझॉन, मोठा काकाकुवा आणि मकाव यांच्याबद्दल आहे. आपल्याकडचा राघू आणि करण पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे त्यांच्या पिंजऱ्याचा सल्ला मी देत नाही. असा पक्षी घरात असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. परदेशी जातींचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. ती राहिली असेल तर तेही काम उरकून घ्या.

लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी पुढे वाचा.

- तळव्यावर बारीक खवल्यांची नक्षी असते. ती पुसट होऊन कातडी चकचकीत, गुलाबी किंवा लाल दिसते.
- पोपट सारखा पाय बदलतो. एक पाय पोटात घेऊन झोपणं हे आरामाचं लक्षण आहे, त्याची काळजी नको. पण कायम तोच पाय वर असेल, किंवा दर मिनिटा-दोन मिनिटांनी पाय बदलत असेल, तर तळवा दुखतो आहे.
- दांडी सोडून वाटीच्या काठावर बसतो किंवा जाळीला लटकून झोपतो.
- उडी मारून बसताना घसरतो, रात्री धाडकन खाली येतो.
- नखं लांब होऊन वळायला लागली आहेत.
- दांडी हाताने फिरवली तर फिरते, झुकते, टोकाला चीर गेली आहे.
- चार दिवसांत दांडीचा भुगा होतो.

तळव्यावर काळी खपली, सूज, गरमपणा, रक्त, किंवा पाय अजिबात न टेकवणं, यातलं काही असेल तर मधलं सगळं सोडून थेट शेवटच्या भागावर जा.

रात्री तो नेमका कुठे झोपतो?

पहिली तपासणी ही. खर्च शून्य. दिवे घालवल्यावर तासाभराने मंद उजेडात हळूच डोकवा, किंवा जुना मोबाइल व्हिडिओवर लावून ठेवा. पिंजऱ्यात चार दांड्या असतात, मालक मला चारही दाखवतो, आणि पोपट रात्रभर पाचव्याच जागी असतो: दाराच्या पट्टीवर, झोक्याच्या तारेवर, सर्वांत उंच कोपऱ्यातल्या वाटीच्या कडेवर.

याला एवढं महत्त्व का? पोपट आडवा होत नाही. आपण रात्री पायांवरचं ओझं उतरवतो, तो उतरवत नाही. ब्लू अँड गोल्ड मकाव साधारण किलोभर भरतो, ग्रे चारशे ते साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास. हे वजन चोवीस तास त्याच दोन तळव्यांवर असतं, आणि त्यातले दहा-बारा तास तो एकाच जागी न हलता बसलेला असतो. दिवसा तो हिंडतो, चढतो, खातो, दाब इकडेतिकडे होतो. नुकसान होतं ते रात्रीच्या दांडीवर. म्हणून माझा साधा हिशेब आहे: सुधारायची ती आधी रात्रीची दांडी. दिवसाच्या दांड्या थोड्या कमी-जास्त असल्या तरी चालतात.

पोपटाला सगळ्यांत उंच जागा सुरक्षित वाटते, म्हणून झोपायला तो तिथेच जातो. तिथे वाटी किंवा पट्टी असेल तर तीच त्याची गादी. वाटी खाली घ्या, तिच्या जागी चांगली दांडी वर न्या. एवढ्यावर पाय बदलणं थांबलेलं मी अनेक घरांत पाहिलं आहे.

जाडी: सुतळीने मोजा

पिंजऱ्यासोबत येणारी दांडी जवळजवळ नेहमी लेथवर घोटलेली असते, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी गोल, आणि मोठ्या पोपटासाठी बारीक. पोपटाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात. एकाच जाडीच्या गोल दांड्यावर ही चारही बोटं रोज त्याच कोनात वळतात आणि दाब रोज त्याच दोन-तीन ठिकाणी पडतो. झाडाची फांदी कुठे जाड, कुठे बारीक, कुठे गाठ, कुठे वाक असलेली असते. पोपट चार बोटं सरकला की दाबाची जागा आपोआप बदलते. फांदीचा फायदा हा आहे. "नैसर्गिक दिसते" म्हणून ती घ्यायची नसते.

पोपट बसलेला असताना बाजूने बघा. बोटांनी दांडीचा साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश घेर व्यापला पाहिजे. पुढची आणि मागची नखं एकमेकांना भिडत असतील तर दांडी बारीक. बोटं सरळ पसरलेली आणि पकडच नाही, तर ती जाड. मोजायला व्हर्नियर लागत नाही. सुतळी गुंडाळा आणि पट्टीवर ठेवा. ग्रे आणि ॲमेझॉनसाठी व्यास २५ ते ४० मिलिमीटर, म्हणजे सुतळीवर साधारण ८ ते साडेबारा सेंटिमीटर. मोठ्या काकाकुव्याला ३० ते ५० मिलिमीटर, म्हणजे साडेनऊ ते पावणेसोळा सेंटिमीटर. मकावला ४० ते ६५ मिलिमीटर, म्हणजे साडेबारा ते वीस सेंटिमीटर.

हे आकडे शोभेला नाहीत, पण दगडावरची रेघही नाहीत. तुमच्या पोपटाचा पाय बघून ठरवा. पिंजऱ्यात या मर्यादेतल्या तीन वेगवेगळ्या जाडीच्या दांड्या असल्या की झालं. वयस्कर किंवा सांधे धरलेल्या पोपटाला एखादी सपाट फळी जास्त आवडते. ती झोपायच्या उंचीवर द्या, तिथे पकड घट्ट धरावी लागत नाही.

पृष्ठभाग

दांडीवरून अंगठा फिरवा. चिकट लागली, वाळलेली विष्ठा किंवा फळाचा गर लागला, तर आधी धुवा. गरम पाणी, साधा साबण, ताठ ब्रश, मग कडक ऊन. घाणेरड्या दांडीवर तळव्याला बारीक चीर गेली तरी जंतूंना तेवढी वाट पुरते. पुढे जो बंबलफूट, म्हणजे तळव्याचा जंतुसंसर्ग होतो, त्यात बहुतेकदा हाच क्रम असतो: आधी दाब, मग कातडी पातळ, मग चीर, मग जंतू.

पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडे वेगळी गंमत होते. धुतलेली दांडी वाळतच नाही आणि सालीखाली पांढरी बुरशी धरते. तिकडच्या लोकांना मी रात्रीच्या दांडीच्या दोन जोड्या ठेवायला सांगतो, एक पिंजऱ्यात, एक पंख्याखाली. दमट दांडी परत लावू नका.

आता वाळूच्या कागदाची वेष्टणं. दुकानदार सांगतो, नखं आपोआप घासली जातात. नखांची टोकं दांडीला फारशी टेकतच नाहीत. टेकतो तो तळवा, आणि घासला जातो तोही तळवाच. असं वेष्टण असेल तर आज काढून टाका, या पोस्टमधला सगळ्यांत स्वस्त उपाय तो आहे.

सिमेंटची खडबडीत दांडी मात्र सरसकट वाईट नाही. एक ठेवा, एकच, आणि खाण्याच्या वाटीसमोर. तिथे पोपट थोडा वेळ उभा राहतो, चोच पुसतो, नखं घासतो आणि निघून जातो. घेताना वरचा भाग गुळगुळीत आणि बाजू खरखरीत अशी बघून घ्या. झोपायच्या जागी ही कधीच नाही.

पीव्हीसी पाइप टिकतो आणि धुवायला सोपा, म्हणून अनेकांना आवडतो. पण पोपट त्याच्यावर घसरतो, घसरू नये म्हणून पकड आणखी घट्ट धरतो, आणि दाब वाढतो. खरवडून खडबडीत केला तरी जाडी एकसारखीच राहते. मी तो स्टँडच्या पायासाठी वापरतो, बसायला नाही.

सुती दोरीची दांडी मऊ असते आणि दुखऱ्या पायाला तात्पुरता आराम देते, पण तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं. सुटा धागा बोटाभोवती गुंडाळला की रक्त थांबतं. आणि काकाकुव्यासारखा चघळणारा पक्षी धागे गिळतो, ते अन्नाच्या पिशवीत गोळा होतात. दर आठवड्याला सुटे धागे कापा, झुलपं निघायला लागली की दोरी फेकून द्या. चघळणाऱ्या पोपटाला ती देऊच नका.

जागा

इथे फार वेळ जात नाही. एका दांडीच्या बरोबर खाली दुसरी दांडी, पाणी किंवा खाणं नको. मकावची शेपटी जाळीला किंवा तळाला घासत असेल तर तो दांडीवर तिरका बसतो आणि एका पायावर जास्त भार येतो. शेपटीची पिसं टोकाला झिजलेली, तुटकी दिसली तर कारण हेच असू शकतं. ब्लू अँड गोल्डची एकूण लांबी ऐंशी-नव्वद सेंटिमीटर असते आणि त्यातला मोठा भाग शेपटीचा, हे पिंजरा घेताना कोणी सांगत नाही. दांड्यांची गर्दीही करू नका. पोपटाला पंख पूर्ण उघडता आले पाहिजेत.

सैल होणारी दांडी

एका हाताने दांडीचं मोकळं टोक धरा आणि खाली दाबा, मग फिरवून बघा. किंचित जरी हलली तरी पोपटाला ते कळतं. हलत्या दांडीवर तो रात्रभर बोटं आवळून बसतो, म्हणजे सैल बोल्ट हेही तळवे दुखण्याचं कारण आहे. एकदा दांडी गोल फिरून पोपट खाली पडला की मग तो त्या दांडीकडे फिरकतही नाही, आणि मालकाला वाटतं, याला फांदी आवडत नाही.

बोल्ट घट्ट करून पुन्हा सैल होतो, याची कारणं मला वारंवार दिसतात ती अशी. पहिलं, लाकूड ओलं होतं. ताजी तोडलेली फांदी वाळताना आकसते आणि भेगाळते, बोल्टाभोवतीचं भोक मोठं होतं. तुम्ही कितीही पिळा, पकडायला लाकूडच उरलेलं नसतं. दुसरं, वायसर लहान. पिंजऱ्याच्या दोन तारांमध्ये तो घुसतो आणि दांडी डुगडुगते. जाळीच्या दोन्ही बाजूंना तारांवर नीट टेकेल, मधून घुसणार नाही एवढा मोठा वायसर लागतो. तिसरं, एका टोकावर बसवलेली दांडी फार लांब. मकाव मोकळ्या टोकावर उतरला की तो सगळा भार बोल्टावर तरफेसारखा येतो. एका टोकाची दांडी मी साधारण फूटभर ठेवतो. त्याहून लांब हवी असेल तर दोन्ही टोकांना बसवतो. आणि चौथं कारण पोपट स्वतः. काकाकुवा आणि मकाव जिभेने-चोचीने नट सोडवतात, आणि ते त्यांचं आवडतं काम असतं. नट पिंजऱ्याच्या बाहेरच्या बाजूला घ्या, खाली स्प्रिंग वायसर टाका.

यासाठी जो बोल्ट लागतो त्याला एका बाजूला लाकडात शिरणारे आटे आणि दुसऱ्या बाजूला नटचे आटे असतात. हँगर बोल्ट म्हणून मागा. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतो. ८ एमएमच्या बोल्टाला कठीण लाकडात आधी ६ एमएमचं भोक पाडा, तेही फांदीच्या मधोमध. नाहीतर टोक फाटतं. फाटलेलं टोक फेव्हिकॉल भरून चालवू नका. दोन इंच कापून टाका आणि नवीन भोक पाडा.

सामान ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचं घ्या. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले नट-वायसर स्वस्त पडतात, पण पोपट ते चाटतो, कुरतडतो, आणि जस्त त्याच्या पोटात गेलं की विषबाधा होते: उलट्या, पातळ हिरवी विष्ठा, अशक्तपणा, झटके. दुकानात चुंबक खिशात ठेवा. जीआयला तो घट्ट चिकटतो, ३०४ ला सहसा चिकटत नाही किंवा अगदी हलका ओढला जातो. पण चुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४ च, असं समजू नका. हलक्या प्रतीचं स्टेनलेसही कित्येकदा चिकटत नाही, ते पाण्याच्या वाटीजवळ गंजून आपली जात दाखवतं.

वजन आणि खाणं

दांडी सगळ्या बाजूंनी योग्य, तरी तळवे लाल. अशा वेळी मी वाटीत बघतो. तिथे बहुतेकदा सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे भरलेले असतात. दोन्हींत चरबी भरपूर, अ जीवनसत्त्व जवळजवळ नाही. पोपट जाड होतो, म्हणजे तळव्यावरचं ओझं वाढतं. आणि अ जीवनसत्त्व कमी पडलं की कातडी कोरडी, जाड, भेगाळ होते. नवी दांडी अशा पायाला वाचवू शकत नाही.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर छोटा स्टँड ठेवून शून्य करा, सकाळी खाण्याआधी पोपटाला त्यावर बसवा. दर आठवड्याला एका वहीत लिहा. गाजर, लाल भोपळा, उकडलेलं रताळं, शेवग्याचा पाला, लाल ढोबळी मिरची हळूहळू वाढवा, बिया कमी करा. एकदम बंद करू नका, हट्टी ग्रे उपाशी राहतो पण नवीन खात नाही. ॲव्होकॅडो पोपटाला विषारी आहे, तो कधीच नाही. अ जीवनसत्त्वाचे थेंब आपल्या मनाने पाजू नका, ते जास्त झालं तरी त्रास होतो.

दांडी बदलायचीच असेल तर

आता खर्च किंवा मेहनत. बाजारात कॉफीच्या झाडाचं लाकूड जावा वुड या नावाने मिळतं. कठीण, वाकडंतिकडं, साल काढलेलं, आणि चोचीपुढे बरंच टिकतं. बजेट असेल तर रात्रीच्या दांडीसाठी ते घ्या आणि विषय संपवा. फक्त काही तुकडे घासून घासून इतके गुळगुळीत केलेले असतात की पोपट घसरतो. तसं असेल तर जाड पॉलिश पेपरने वरचा भाग थोडा खरखरीत करा.

मला स्वतःला पेरू जास्त आवडतो. कठीण, चिवट, योग्य जाडीला सहज मिळतो, आणि त्याची साल पोपट सोलत बसला तरी चिंता नसते. मकावसाठी बाभूळ, बैलगाडीची चाकं ज्या लाकडाची व्हायची ते लाकूड मकावलाही घाम फोडतं. काटे मुळापासून कापून जागा घासून घ्यायची. निलगिरीही चालते. तुती सुरक्षित आहे, पण मऊ. कडुनिंब इथे बरेच जण वापरतात, काकाकुवा मात्र तो फार लवकर फोडतो. बांबू सुरक्षित आहे, पण गुळगुळीत असतो आणि चिरला की त्याची धार सुरीची असते. बसायला नको.

पावसाळ्याआधी सोसायट्यांमध्ये छाटणी होते तेव्हा फांद्यांचा ढीग पडलेला असतो, तो घ्यायला उत्तम. स्वतः झाड तोडायला जाऊ नका. शहरात त्याला परवानगी लागते. ढिगातली फांदी कोणत्या झाडाची हे खात्रीने सांगता आलं पाहिजे. पानं आणि फळ बघितल्याशिवाय नुसत्या लाकडावरून ओळखल्याचा आव आणू नका. कण्हेर तर दुभाजकादुभाजकावर लावलेली आहे, आणि ती, तसंच पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, दोन्ही जीवघेण्या विषारी. रुई, शेर, एरंड, धोत्रा, बिब्बा यांच्या जवळपासही जाऊ नका. कोकणात बांधावर लावतात ती गिरिपुष्प, तिचं तिकडचं नावच उंदीरमारी आहे. द्राक्षाचा वेल तसा सुरक्षित, पण नाशिक-सांगलीच्या बागेत त्याच्यावर मोरचूदापासून किती फवारण्या झाल्या असतील ते बागायतदारालाच विचारा. सोलापूरच्या डाळिंबाचंही तेच. बागेतली छाटणी फुकट मिळते म्हणून उचलू नका. परसातलं, फवारणी न झालेलं झाड शोधा. प्लायवूड, एमडीएफ, व्हार्निश केलेलं जुनं फर्निचर, हे तर सरळ बाद.

फांदी आणली की ब्रशने घासा. घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी दहा भाग अशा मिश्रणात दहा मिनिटं ठेवा. त्यात व्हिनेगर किंवा बाथरूमचं ॲसिड मिसळू नका, विषारी वायू निघतो. हे काम पोपटापासून लांब, गच्चीवर किंवा अंगणात. नंतर भरपूर पाण्याने धुवा, वर उकळतं पाणी ओता, आणि उन्हात ठेवा. ब्लीचचा वास पूर्ण जाईपर्यंत पिंजऱ्यात नाही. मग सावलीत निदान महिना-दोन महिने वाळू द्या, टोकांना मेण लावलं तर चिरा कमी पडतात. बोल्ट बसवायच्या आधी ती मेणाची टोकं कापून टाकायची. या थांबण्याचा सगळ्यांना कंटाळा येतो, आणि वर लिहिलेला सैल बोल्ट नेमका या कंटाळ्यातून येतो.

नवी दांडी लगेच लावून जुनी काढू नका. ग्रे विशेषतः नव्या वस्तूला घाबरतो, काही जण जाळीला लटकून रात्र काढतात. दोन-चार दिवस फांदी पिंजऱ्याबाहेर त्याला दिसेल अशी ठेवा, मग खालच्या पातळीवर लावा, तो बसायला लागला की वर न्या, आणि सगळ्यांत शेवटी जुनी काढा.

भुगा होणारी दांडी

पोपट लाकूड फोडतो, हा दोष नाही; फोडायला दुसरं काही नसलं की तो दांडी फोडतो. म्हणून टिकाऊ दांडी हवी असेल तर आधी फोडायचं लाकूड वेगळं द्या. पॅकिंगच्या खोक्याची पाइनची फळी त्याला फार आवडते. फक्त तिच्यावर एचटीचा शिक्का आहे ना बघा, म्हणजे ती उष्णता देऊन निर्जंतुक केलेली असते. एमबी असा शिक्का म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ती नको. खिळे आणि पिना काढा. तेल-रसायनाचा डाग असलेली फळी नको. सालासकट मक्याचं कणीस, स्वच्छ केलेली करवंटी, याही चालतात. हे सगळं झोपायच्या दांडीपासून लांब टांगा.

एवढं करूनही काकाकुवा वर्षभरात दांडी संपवणार, ते गृहीत धरा आणि एक फांदी कायम वाळत ठेवा. बोट अडकेल अशी चीर पडली, खोल खाच झाली, किंवा मधला भाग निम्म्यावर आला, की दांडी बदलायची. लोखंडी दांडी बसवून "आता फोड" म्हणणारे भेटतात. त्यांच्या पोपटाचे तळवे मी बघितले आहेत.

इथे थांबा, डॉक्टरकडे जा

तळवा नुसता गुलाबी असेल, खवलं पुसट झालेलं असेल, पोपट नीट खात-खेळत असेल, तर वरचे बदल करून दोन-तीन आठवडे बघायला हरकत नाही. दर आठवड्याला त्याच उजेडात तळव्याचा फोटो काढा. फोटोत लाली तशीच असेल किंवा वाढली असेल, तर दांडीचं काम संपलं, आता डॉक्टर.

खालच्या गोष्टींत एक दिवसही वाट बघू नका.

- तळव्यावर खपली, काळा ठिपका, फोड, सूज, गरमपणा, रक्त किंवा पू. जंतू खाली स्नायुबंध आणि हाडापर्यंत जातात, आणि मग उपचार महिनोन् महिने चालतात.
- लंगडणं, एक पाय टेकवायला तयार नसणं, बोटं मिटत नसणं. एक पाय दुखला की सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि तोही बिघडतो.
- पायातल्या कड्याभोवती सूज. कडं घरी कापू नका, हाड मोडतं.
- नखं आणि चोच दोन्ही झपाट्याने वाढत असणं. हे यकृताच्या आजाराचंही लक्षण असू शकतं, दांडीचा संबंध नसतो.
- वजन दहा टक्क्यांनी कमी होणं.
- चांगल्या, घट्ट दांडीवरून पडणं, थरथरणं, झटके येणं. ग्रे असेल तर खास लक्ष द्या: या जातीत रक्तातलं कॅल्शियम कमी होऊन असं होतं. "दांडी घसरते, बदलून द्या" म्हणून मला आलेले काही फोन खरं तर हे निघाले. दांडी बदलण्यात गेलेला वेळ अशा पक्ष्याला परवडत नाही.

तोवर घरी काय करू नये, तेही सांगतो, कारण नेमकं तेच केलेलं असतं. खपली ओढू नका. हळद-तेल किंवा कुठलंही तेलकट मलम लावू नका, ते पिसांना लागतं आणि पोपट चोचीने साफ करताना गिळतो. माणसाची अँटिबायोटिक गोळी चुरून देऊ नका. बधिर करणारं मलम तर अजिबात नाही. दुखऱ्या पोपटासाठी झोपायच्या उंचीवर सपाट फळी लावा, तिच्यावर धागे न निघणारं जाड सुती कापड घाला आणि ते रोज बदला.

कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर पक्षी बघत नाही, त्यामुळे फोन करून "मोठे पोपट तपासता का?" असं आधी विचारा. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही चौकशी करता येते. जाताना वजनाची वही, तळव्याचे फोटो, वाटीतल्या खाण्याची यादी आणि रात्रीच्या दांडीचा फोटो सोबत न्या. दांडी कुरतडलेली असेल तर तिचे नट-बोल्टही न्या, जस्ताची शंका असेल तर डॉक्टरांना ते बघायला मिळतात. प्रवासाच्या पिंजऱ्यातून उंच दांडी काढून टाका, तळाला दुमडलेला टॉवेल घाला. गाडीच्या हिसक्यात दुखऱ्या पायाने त्याला काही धरून बसावं लागू नये.